उचल की हप्ता?

फोन हातात आज हवा, पैसे मात्र हळूहळू द्यायचेत. मग स्वतःला कोणाच्या दावणीला बांधून घ्यायचं? मोबाइल कंपनीच्या की फायनान्सवाल्याच्या?

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमच्या हातातला फोन तुमचा आहे का?

चिडू नका! चोरीचा आहे का, असं विचारत नाहीये. शेवटचा हप्ता गेलाय का, एवढंच विचारतेय. बघा, आता तुम्ही मनातल्या मनात महिने मोजायला लागलात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही कँटीनमध्ये हा प्रश्न टाका. टेबलावर उपडे ठेवलेले निम्मे फोन अजून ‘चालू’ निघतील. म्हणजे फोन तर चालू असतातच, पण हप्तेही चालू!

मागच्या वेळी आपण क्रेडिट कार्डाच्या ‘मिनिमम ड्यू’चा फंडा बघितला. त्यावर एका मैत्रिणीने विचारलं, ‘अमेरिकेत म्हणे मोबाइल कंपनीच फोन अर्ध्या किमतीत देते. आपल्याकडे असलं काही का नाही? आपण कायम हप्तेच का भरायचे?’ प्रश्न सॉलिड आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. पुणे-नाशिक हायवेवर आळेफाट्याला उतरलं तरी पुरे. वाकडेवाडीला एसटी पकडायची. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि मग आपला फाटा. पुण्या-नाशिकची गर्दी आणि कल्याण-अहिल्यानगरची गर्दी जिथे एकमेकींना कापतात, तो चौक. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले म्हणतात, त्याची समाधी इथून जवळच, आळे गावात आहे. रेडा बोलला त्या गावच्या फाट्यावर आता मोबाइलची दुकानं बोलतात. ‘झिरो डाऊन पेमेंट! आजच घेऊन जा!’

उचलीचं गणित

मोबाइल कंपनीची सबसिडी म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला पॉवर पॉइंट प्रेझेंटेशन न करता समजतं. कारण त्याने उचल बघितलेली असते.

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला इकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. ऊस विघ्नहर कारखान्याचा असो की पारगावच्या भीमाशंकरचा, टोळीने गाव सोडण्याआधी मुकादमाकडून रक्कम उचललेली असते. ती उचल. पैसे आधी, काम नंतर. सीझनभर तोडणी करायची आणि उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या सीझनच्या बोकांडी. आणि फिटेपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडे जायचं नाही.

आता ‘मुकादम’ खोडा आणि तिथे ‘मोबाइल कंपनी’ लिहा. कंपनी तुम्हाला महागडा फोन स्वस्तात देते. बदल्यात तुम्ही दोन वर्षं तिचंच सिम, तिचाच महागडा प्लॅन वापरायचा. मध्येच पळालात तर दंड. फोनची उरलेली किंमत कुठे गेली? कुठेही नाही. ती तुमच्या मासिक बिलात विरघळून बसलेली असते, चहातल्या साखरेसारखी. दिसत नाही, पण असते. (ऊसतोड कामगाराची परवड आणि आपली फोनची हौस यांची बरोबरी अजिबात नाही. तुलना फक्त हिशेबापुरती.)

आकडे बघूया. २००८ मध्ये आयफोन थ्रीजी आला. अमेरिकेत त्याचा आठ जीबीवाला फोन १९९ डॉलरला. तेव्हाच्या भावाने साधारण साडेआठ हजार रुपये! २२ ऑगस्ट २००८ ला तोच फोन एअरटेल आणि व्होडाफोनने भारतात आणला. किंमत? ३१ हजार रुपये. सोळा जीबीचा ३६ हजार १००. इकडे जो तो खवळला. ‘तिकडे साडेआठ हजार आणि आम्हाला एकतीस? लुटतात काय?’ न्यू जर्सीतल्या मावसभावांना धडाधड ई-मेल गेले, ‘येताना एक घेऊन ये रे.’ मग आलेला फोन अनलॉक करून घ्यायला बुधवार पेठेत चकरा.

पण थांबा. अमेरिकेतला १९९ डॉलरचा फोन एटी अँड टी कंपनीच्या दोन वर्षांच्या करारावर होता. डेटाचे महिन्याला ३० डॉलर, बोलण्याचा सगळ्यात स्वस्त प्लॅन साधारण ४० डॉलर. झाले ७०. चोवीस महिन्यांचे १,६८०. वर फोनचे १९९. एकूण सुमारे १,८८० डॉलर, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या घरात, टॅक्स वेगळा. आणि करार नको असेल तर त्याच फोनची किंमत ५९९ डॉलर होती. म्हणजे कंपनीने ४०० डॉलरची उचल दिलेली, आणि ती वसूल करायला दोन वर्षं तुम्हाला बांधून घेतलेलं.

इकडे पुण्यातल्या पोराने ३१ हजार रोख मोजले, प्रीपेड सिम घातलं आणि समजा महिन्याला ३०० चं रिचार्ज मारलं, तर दोन वर्षांचा खर्च ३८ हजार २००. दोन्हीकडे डेटा आणि बोलण्याची मिनिटं सारखी नव्हती, त्यामुळे तुलना अगदी काट्यावर तोलून नाही. पण ‘त्यांना फुकट, आम्हाला महाग’ हा गैरसमज मिटायला एवढं पुरेसं आहे. स्वस्त फोन त्यांचा नव्हताच. तो कंपनीचा होता, ते फक्त फेडत होते.

आपल्याकडची उचल : पाचशे एक रुपये फक्त!

मग आपल्याकडे हे कोणी केलंच नाही का? केलं ना! आणि कसलं जोरात केलं!

आठवतंय का २००३ सालचं ‘मान्सून हंगामा’? डिसेंबर २००२ मध्ये, धीरूभाई अंबानींच्या जन्मदिवशी, रिलायन्स इन्फोकॉम सुरू झाली. रिलायन्सवरून रिलायन्सला एसटीडी ४० पैसे मिनिट. ज्या काळात लोक रात्री अकरानंतर स्वस्त दरासाठी पीसीओबाहेर रांगा लावायचे, त्यानंतर लगेचची ही गोष्ट! मग जुलै २००३ मध्ये आली स्कीम. ५०१ रुपये द्या, फोन घेऊन जा. बाकी पैसे दरमहा बिलातून. दहा दिवसांत दहा लाख गिऱ्हाइकं! लग्नाच्या आहेरात ५०१ देतात, तसा आपण कंपनीला आहेर केला आणि तिने परतीच्या आहेरात फोन दिला.

तांत्रिक गोम अशी होती, की हे फोन सीडीएमएचे. त्यात सिमकार्डच नव्हतं. नंबर फोनमध्येच भरलेला. म्हणजे फोन त्या एकाच कंपनीचा गुलाम, दुसरीकडे चालणारच नाही. कंपनीला वाटलं, झालं, गिऱ्हाईक पक्कं बांधलं गेलं. पण बांधला गेला होता फोन, माणूस नव्हे! कित्येकांनी चार महिने मनसोक्त बोलून घेतलं, बिल आल्यावर फोन माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या कंपनीचं प्रीपेड घेतलं. मग नोटिसा, वसुलीवाले, वाद, आणि कंपनीच्या पुस्तकात बुडीत बाकी.

मुकादमाची उचल वसूल होते, कारण त्याला टोळीचं गाव माहीत असतं. कंपनीकडे २००३ मध्ये काय होतं? घाईघाईत भरलेला फॉर्म आणि झेरॉक्स. कोण बिल भरणारा, कोण बुडवणारा, हे सांगणारी यंत्रणा अजून बाळसं धरत होती. सिबिल स्थापन झाली २००० साली, पण फाट्यावरच्या माणसाची तिथे नोंदच नव्हती.

वर आपला देश प्रीपेडवाला. आजही बहुतेक कनेक्शनं प्रीपेड आहेत. प्रीपेड म्हणजे आधी पैसे, मग बोलणं. उचलीच्या बरोबर उलटं. ज्याला महिन्याचं बिलच येत नाही, त्याच्या बिलात फोनची किंमत विरघळवणार कशी? त्यात जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. नंबर तोच ठेवून कंपनी बदला. घरोबा करायचं उरलंसुरलं कारणही गेलं. २०१३ च्या सुमाराला आयफोनसाठी दोन वर्षांच्या करारावर फोन-अधिक-प्लॅन असे प्रयोग झाले, पण तेही क्रेडिट कार्डाच्या आधाराने, आणि मूठभरांपुरते.

२०१७ मध्ये जिओने मात्र जाम डोकं लावलं. जिओफोन काढला आणि उचलीची गाडी उलट्या गिअरमध्ये टाकली. आम्ही तुम्हाला उचल देणार नाही, तुम्हीच आम्हाला अनामत द्या! १,५०० रुपये डिपॉझिट, तीन वर्षांनी परत. जाहिरातीत फोन ‘फुकट’. अट अशी, की दरवर्षी किमान १,५०० चं रिचार्ज करायचं. फोन जिओच्याच सिमवर चालणार. म्हणजे बुडवायला तुमच्याकडे काही नाही, बुडालं तर तुमचंच डिपॉझिट. शाब्बास!

आणि २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला तेव्हा दोन्ही गाड्या एकत्र जोडल्या गेल्या. रोख घ्याल तर ६,४९९. नाहीतर १,९९९ आधी, ५०१ प्रोसेसिंग फी (हाच तो लकी आकडा!) आणि उरलेले १८ किंवा २४ महिने, सगळ्यात लहान प्लॅन २४ महिने ३०० रुपयांचा. बेरीज करा. ९,७००. त्यात दर महिन्याला पाच जीबी डेटा आणि शंभर मिनिटं धरलेली. म्हणजे फोनच्या किमतीवर जे ३,२०१ रुपये जास्त गेले, ते दोन वर्षांचा डेटा, बोलणं, व्याज आणि फी मिळून. महिन्याला सुमारे १३३. ज्याचं तेवढ्या डेटात भागतं त्याला सौदा बरा. ज्याला रोज क्रिकेट बघायचंय त्याला वरून आणखी रिचार्ज. सांगायचा मुद्दा हा, की फोन किती आणि प्लॅन किती हे वेगळं केल्याशिवाय सौदा बरा की वाईट ते कळतच नाही. उचलीची सगळी जादू त्या न वेगळ्या करण्यातच आहे.

आला हप्ता

कंपन्यांनी सोडलेली खुर्ची रिकामी राहिली नाही. तिथे येऊन बसला फायनान्सवाला. अक्षरशः बसला! आळेफाट्याच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरच्या कडेला एक छोटं टेबल असतं, त्यावर एक मुलगा टॅब घेऊन बसलेला. आधार, पॅन, पासबुक, दोन ओटीपी, एक सेल्फी. चहा थंड व्हायच्या आत कर्ज मंजूर. या धंद्याचा एक मोठा गड आपल्याच जिल्ह्यात आहे. बजाज फायनान्स पुण्याचीच.

मागच्या महिन्यात मी अशाच एका दुकानात उभी होते. चोवीस हजारांचा फोन, ‘नो कॉस्ट ईएमआय’, दोन हजार रुपये गुणिले बारा. मी विचारलं, ‘दादा, रोख दिले तर?’

दुकानदार हसला. ‘ताई, रोखीवाला आला की आता मीच दचकतो. घ्या, दीड हजार सोडतो.’

‘मग हप्त्यावर दीड हजार का नाही सोडत?’

‘ते तिकडे जातात ना,’ म्हणून त्याने टेबलावरच्या मुलाकडे बोट केलं. मुलगा बिचारा लाजला.

बघा, किती सरळ माणूस! जे जाहिरातीत लिहिलेलं नसतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. व्याज असतंच. फक्त ते तुमच्याकडून ‘व्याज’ नावाने न घेता, तुम्हाला न मिळालेल्या डिस्काउंटमधून घेतलं जातं. रिझर्व्ह बँकेने तर सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना खडसावलं होतं, की शून्य टक्के व्याज असली काही चीज नसते, व्याज प्रोसेसिंग फीच्या बुरख्याआडून घेतलं जातं. तेव्हा ‘झिरो पर्सेंट’चे बोर्ड उतरले. मग ‘नो कॉस्ट’चे चढले. बारसं नवं, बाळ तेच!

आता त्या चोवीस हजारांचं गणित करून टाकू. रोख किंमत २२,५००. हप्त्याने २४,०००, वर प्रोसेसिंग फी समजा २९९ आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५३. एकूण २४,३५३. फरक १,८५३ रुपये. तुम्ही म्हणाल, साडेबावीस हजारांवर अठराशे म्हणजे आठ टक्के, एवढं काय! पण बॉस, ते साडेबावीस हजार वर्षभर तुमच्याकडे नसतात. दर महिन्याला दोन हजार परत जातात. सरासरी बघितलं तर जेमतेम निम्मी रक्कम वर्षभर वापरायला मिळते. म्हणून खरा व्याजदर आठ नाही, साधारण पंधरा टक्के पडतो. ‘नो कॉस्ट’ची ही कॉस्ट.

क्रेडिट कार्डावर घेतलंत तर आणखी एक गंमत. बँक व्याज लावते, दुकानदार तेवढं डिस्काउंट देतो, हिशेब शून्य. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या स्टेटमेंटवर येतोच. दीड हजार व्याज असेल तर २७० रुपये. त्याशिवाय कुठे ‘स्क्रीन प्रोटेक्शन प्लॅन’, कुठे विमा, कुठे कार्डाची वार्षिक फी हळूच फॉर्ममध्ये सरकवलेली असते. ही बारीक अक्षरं वाचायला खोडदची दुर्बीण लागेल. (ती रेडिओ दुर्बीण आहे, अक्षरं वाचत नाही, ठाऊक आहे!)

महिन्याचा हप्ता, सीझनचा पैसा

इथवर झालं ते पैशांचं. खरं टेन्शन पुढे आहे.

२०२३ चा जुलै आठवा. टोमॅटोने देशाला रडवलं आणि नारायणगावच्या मार्केटला हसवलं. क्रेटचा भाव दोन हजारांच्या पुढे गेला होता. माझ्या मामेभावाच्या दोन एकरांत तेव्हा टोमॅटो होता. पहिले दोन तोडे झकास गेले आणि गडी ऑगस्टमध्ये फाट्यावर जाऊन फोन घेऊन आला. २,४५० चा हप्ता, बारा महिने. त्याला रोख घेता आला असता. पण ‘पैसे औषधाला, मजुरीला लागतील, हप्ता काय, जाईल हळूहळू,’ असा त्याचा हिशेब. हिशेब वेडेपणाचा नव्हता. सप्टेंबरमध्ये भाव धाडकन कोसळला. हिवाळ्यात दोन हप्ते बाऊन्स झाले. फायनान्सचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा. पुढे त्याने सगळं भरलं, एक रुपया बाकी ठेवला नाही.

गेल्या वर्षी त्याला माल वाहायला पिकअप घ्यायची होती. सहा लाखांचं कर्ज. बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि विचारलं, ‘हे मोबाइलचं काय झालं होतं?’ भाऊ तोपर्यंत ते विसरूनही गेला होता. कॉम्प्युटर विसरला नव्हता. शेवटी कर्ज मिळालं, पण दुसरीकडून, दोन टक्के जास्त व्याजाने, आणि मामाची जामीनदार म्हणून सही घेऊन. मामांनी उभ्या आयुष्यात सोसायटीचं पीककर्ज सोडून कुणाच्या कागदावर सही केली नव्हती. सही करताना ते एवढंच म्हणाले, ‘फोनसाठी?’

मी घरी येऊन आकडेमोड केली. सहा लाख, पाच वर्षं. दहा टक्क्यांनी हप्ता १२,७४८. बारा टक्क्यांनी १३,३४७. फरक महिन्याला सहाशेच्या आसपास, पाच वर्षांत जवळजवळ ३६ हजार. फोन होता २९,४०० चा. चुकलेले दोन हप्ते अख्ख्या फोनपेक्षा महाग पडले!

आणि हे फक्त शेतकऱ्याचं नाही हं. तुम्ही उद्या वाकडला किंवा मोशीला फ्लॅट बघाल. चाळीस लाख, वीस वर्षं. स्कोअर घसरल्यामुळे साडेआठऐवजी पावणेनऊ टक्के व्याज लागलं, तर महिन्याला ६३५ रुपये जास्त. वीस वर्षांत दीड लाखाच्या वर. पाव टक्क्याची ही करामत.

मला भावाला दोष द्यावासा वाटत नाही. कारण मुळात हप्ता ही चीज पगारदारांसाठी जन्माला आली आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. ज्याचा पैसा सीझनला येतो त्याच्या खात्यातून दर पाच तारखेला पैसे ओढणं म्हणजे उन्हाळ्यात विहिरीला पावसाळ्याचं पाणी मागणं. आमच्याकडे डेअरीवाला पेंड उधार देतो आणि दर दहा दिवसांच्या दुधाच्या पेमेंटमधून कापून घेतो. दूध जास्त तर कपात जास्त, दूध आटलं तर तो थोडा थांबतो. उसाची उचल उसातून फिटते. या जुन्या पद्धतींत शोषण आहे, नाही असं नाही. पण पैसा जिथून येतो तिथूनच फेड कापायची, एवढी अक्कल त्यांच्यात आहे. ई-मँडेटला ती नाही. त्याला फक्त तारीख कळते. आमच्यासारख्या फ्रीलान्सर मंडळींनीही हे कोरून ठेवावं. आपलं मानधन कधी पाच तारखेआधी आलंय?

दावण कोणाची?

अमेरिकेत काय झालं ते थोडक्यात. मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलने उचलीची पद्धत बंद केली. फोनची किंमत वेगळी, हप्त्याने भरा. प्लॅन वेगळा, फोन फिटला की बिल कमी. लोक खूश, कारण पहिल्यांदा कळलं की फोनला किती मोजतो. एटी अँड टी आणि व्हेरायझनही पुढच्या तीन वर्षांत त्या वाटेने गेल्या. आता गंमत बघा. आज तिथे ‘फुकट आयफोन’च्या जाहिराती पुन्हा जोरात आहेत. फोन हप्त्यावर द्यायचा आणि ३६ महिने बिलात तेवढीच सूट देत राहायचं. मध्येच सोडलंत तर सूट बंद, उरलेला फोन तुमच्या गळ्यात. दोन वर्षांची उचल तीन वर्षांची झाली, नाव मात्र हप्ता! म्हणजे तिकडचे पाहुणे ‘आमच्याकडे फोन फुकट’ म्हणाले, तर प्रेमाने विचारा, ‘किती महिन्यांचा?’

तर उचल आणि हप्ता यांत फरक काय? उचलीत तुम्ही कंपनी सोडू शकत नाही. हप्त्यात कंपनी रोज बदला, कोणी विचारणार नाही. पण तुमची पत गहाण असते. उचल बुडवली तर नुकसान मुख्यतः कंपनीचं. हप्ता बुडवला तर ते तुमच्या मागे पुढच्या प्रत्येक कर्जापर्यंत येतं. मधल्या काळात काही फायनान्सवाल्यांनी तिसरी दावणही काढली होती. हप्ता थकला की ॲपमधून दुरून फोनच लॉक! रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये ते थांबवायला लावलं. २०२५ मध्ये, कर्जदाराची आधी संमती घेऊन त्याला परवानगी द्यावी का, यावर पुन्हा विचार सुरू झाला. विचार करा, ज्याचा धंदाच फोनवर चालतो, त्याचा फोन बंद केला तर तो हप्ता भरणार कशातून?

चांगली गोष्ट म्हणजे नियम कडक होताहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजाज फायनान्सला दोन प्रकारची कर्जं देणं थांबवायला सांगितलं होतं. कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद गिऱ्हाइकांना दिला जात नव्हता, हे त्यातलं एक प्रमुख कारण. त्रुटी दूर झाल्यावर मे २०२४ मध्ये बंदी उठली. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जांसाठी हा कागद सगळ्यांनाच सक्तीचा झाला. त्यात फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर किती, हे एका आकड्यात लिहावं लागतं. तो आकडा म्हणजे आपली खोडदची दुर्बीण.

खिशाला जपण्याचे पाच फंडे

१. पहिला प्रश्न कायम हाच : ‘रोख किती?’ हप्त्याची एकूण बेरीज आणि रोख किंमत यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज. नाव काहीही असो.

२. कर्जाची माहिती देणारा कागद सही करण्याआधी मागा. वर्षाचा दर बघा. विमा, प्रोटेक्शन प्लॅन नको असेल तर तिथल्या तिथे काढायला लावा. फोन लॉक करायची अट आहे का, तेही विचारा.

३. हप्त्याची तारीख पैसा येण्याच्या तारखेनंतरची घ्या. कमाई सीझनची असेल तर तीन हप्त्यांचे पैसे आधीच खात्यात बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर फोन परवडत नाही, विषय संपला.

४. फोन फिटल्यावर कर्ज बंद झाल्याचा दाखला घ्या. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. चुकीची नोंद असेल तर लेखी तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

५. थांबता येत असेल तर थांबा. तेच दोन हजार दरमहा रिकरिंगमध्ये टाका. साडेसहा टक्क्यांनी वर्षाअखेर सुमारे २४,८०० होतात. साडेबावीसला फोन घ्या, वर सव्वादोन हजार खिशात. शिवाय वर्षभरात तो फोन स्वस्त झालेला असतो तो बोनस. ऑफिसात भिशी लावलीत तरी चालेल, पण ओळखीच्याच माणसांत. भिशीला लोकपाल नसतो!

याचा अर्थ हप्ता वाईट असा नाही. फोनवर ज्याची रोजीरोटी आहे, डिलिव्हरी करणारा मुलगा, फोटोग्राफी करणारी मुलगी, त्यांच्यासाठी आजचा फोन उद्याची कमाई आहे. त्यांनी पंधरा टक्के जरूर मोजावेत, मोजतोय हे माहीत असलं म्हणजे झालं. प्रश्न येतो तो चालू असलेला धडधाकट फोन बाजूला टाकून, फक्त कॅमेऱ्याचा एक डोळा वाढला म्हणून, चोवीस महिने मान अडकवून घेण्याचा. उचल काय, हप्ता काय, दोन्हीत आपण उद्याची कमाई आज खर्च करतो. उद्याचा भाव मात्र आज कोणालाच माहीत नसतो. नारायणगावच्या मार्केटमध्ये कोणालाही विचारा.

तेव्हा दिवाळीच्या सेलमध्ये ‘ॲड टू कार्ट’वर अंगठा ठेवण्याआधी एक फोन करा, जुन्याच फोनवरून. घरी. वडिलांना सहज विचारा, उद्या मला कर्जाला जामीनदार लागला तर सही कराल ना? ते लगेच ‘हो’ म्हणतील. म्हणूनच त्यांच्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर टेन्शन नॉट, पण बेरीज मस्ट!